वडगावच्या साडी दुकानाची साइट हलवताना: प्रकल्प नोंदी

१२ मे

सकाळी सातला मामाचा फोन. जुन्या होस्टिंगवाल्याचं भाडं ३१ मेला संपतंय आणि पुढच्या वर्षासाठी त्याने दुपटीहून जास्त मागितलेत. "बघ की जरा, दुसरीकडे हलवता येतंय काय. मंगाईच्या जत्रेआधी सगळं नीट पाहिजे." लग्नसराई चालू आहे, मेलवर रोज चार-दोन चौकश्या येतात. म्हणजे दुकान उघडं ठेवूनच घर बदलायचं.

संध्याकाळी बेळगावातल्या वडगावला गेलो. मागल्या खोलीत माग चालू, त्यामुळे बोलणं ओरडूनच. पहिला प्रश्न विचारला, नाव कुणाच्या ताब्यात आहे? मामा म्हणाला, "वेबसाइटवाल्याच्या." घोळ इथूनच सुरू होतो. कामं तीन आणि माणसंही तीन असू शकतात. नाव नोंदवून देतो तो रजिस्ट्रार. त्या नावाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर देतो तो नेमसर्व्हर. साड्यांचे फोटो आणि भाव ज्याच्या यंत्रावर ठेवलेत तो होस्टिंगवाला. आपल्याला बदलायचाय फक्त तिसरा, पण त्यासाठी किल्ली लागते पहिल्या दोघांची.

किल्ली आहे २०११ साली साइट करून दिलेल्या मुलाच्या मेलवर. तो पुण्याला गेला, नंबर बदलला. शेवटी मामीकडे त्याच्या आईचा नंबर निघाला. मामीच्या वहीत सगळं असतं.

या नोंदी मामेबहिणीसाठी लिहितोय. ती बीसीएला आहे, पुढे हे सगळं तिनेच बघायचं आहे. आकडे मराठीत लिहितो, यंत्रात घालताना इंग्रजीच घालायचे. खरा पत्ताही इथे देत नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते जगभर फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेत, तेच वापरतो.

१५ मे

पुण्याचा मुलगा भला निघाला. रात्रीच पासवर्ड पाठवला, वर "मामांना नमस्कार सांगा" म्हणाला. नेमसर्व्हर रजिस्ट्रारकडचेच दोन आहेत, ते तसेच ठेवायचे.

नोंदी उघडून बघितल्या. नुसत्या नावाला 'ए' नोंद, म्हणजे नावापुढे थेट आकडी पत्ता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला 'सीनेम', म्हणजे 'मी वेगळा कुणी नाही, त्या नावाला विचारा' असं सांगणारं टोपणनाव. टपाल कुठे टाकायचं ते सांगणारी 'एमएक्स'. खाली आणखी दोन-तीन ओळी होत्या, त्यांच्याकडे मी नीट बघितलं नाही. (हे वाक्य २१ तारखेला घातलंय.)

प्रत्येक ओळीपुढे टीटीएल ८६४००. हे सेकंद आहेत, एकूण एक दिवस. एकदा उत्तर मिळालं की विचारणाऱ्याने ते दिवसभर खरं धरावं, असा त्याचा अर्थ. आज पत्ता बदलला तर काही लोक उद्यापर्यंत जुन्याच दारात जाऊन उभे राहतील. म्हणून सगळीकडे ३०० केलं, म्हणजे पाच मिनिटं. पण गंमत बघ, हे '३००' सुद्धा ज्यांनी आज सकाळी उत्तर नेलंय त्यांना उद्या सकाळपर्यंत कळणार नाही. मुदत कमी केल्याची बातमी जुन्या मुदतीनेच पोचते.

"मग तोवर काय करायचं?" मामा.

"काही नाही. थांबायचं."

हे उत्तर त्याला अजिबात आवडलं नाही. एवढे पैसे कशाचे घेतात, असा चेहरा. (मी घेत नाही.)

१६ मे

वळवाचा पाऊस, दिवे गेले, माग बंद पडले. इतकी शांतता वडगावात क्वचितच. मामेबहिणीने विचारलं, "दादा, नावाचा आकडा नेमका कोण करतं?" तिला सांगितलं ते जसंच्या तसं.

कोल्हापूरहून एक गिऱ्हाईक बेळगावच्या बसस्थानकावर उतरलं. हातात फक्त दुकानाचं नाव. ते काही स्वतः उन्हात फिरत नाही. लॉजवर पंख्याखाली बसतं आणि लॉजच्या पोऱ्याला पाठवतं. पोऱ्या स्टँडवर विचारतो. स्टँडवरच्या माणसाला मामाचं दुकान ठाऊक नाही, पण वडगाव कुठल्या बाजूला ते ठाऊक आहे. "शहापूरवरून पुढं जा, वडगावात विचार." वडगावच्या नाक्यावरचाही दुकान सांगत नाही, गल्ली सांगतो. गल्लीच्या तोंडाशी पानवाला आहे, तो बोट दाखवतो, "ते निळं दार." पोऱ्या परत येतो आणि गिऱ्हाइकाला एकच ओळ सांगतो. मधली सगळी पायपीट गिऱ्हाइकाला कळतच नाही.

पोऱ्या म्हणजे रिझॉल्व्हर. बहुतेकांचा तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा असतो. कुणी ८.८.८.८ हा गूगलचा किंवा १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा लावतं. स्टँडवरचा माणूस म्हणजे रूट सर्व्हर, नाक्यावरचा म्हणजे '.इन'चा सर्व्हर (ती सूची निक्सी ही संस्था सांभाळते), पानवाला म्हणजे आपला नेमसर्व्हर. नाव वाचलं जातं शेवटाकडून. आधी '.इन', मग दुकानाचं नाव, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. पोस्टातही पाकीट तसंच वाचतात, आधी तळाचा पिन, मग गाव, मग गल्ली, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी.

आणि पोऱ्या हुशार आहे. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक तेच दुकान विचारत आलं तर तो जागचा हलत नाही, जागेवरूनच सांगतो. पानवाल्याने त्याला बजावलेलं असतं, "हे उद्यापर्यंत खरं धर, नंतर पुन्हा येऊन विचार." ही टीटीएल. पोऱ्याच्या आधी गिऱ्हाईक स्वतःचे खिसेही चाचपतं. ब्राउझरला उत्तर आठवत असतं, यंत्राला आठवत असतं. तिथे सापडलं तर पोऱ्याला हाकच जात नाही.

ती म्हणाली, "मग स्टँडवर केवढी गर्दी!" बरोबर. म्हणून रूट सर्व्हरची नावं तेराच, ए ते एम, पण त्या तेरा नावांमागे जगभर हजाराहून जास्त यंत्रं उभी आहेत आणि पोऱ्याची गाठ सहसा जवळच्याशीच पडते. तेराच का, तर सुरुवातीच्या नियमात उत्तराचं पाकीट ५१२ बाइटांचं होतं आणि सगळ्या रूटची नावं-पत्ते एकाच पाकिटात बसवायचे होते. आणि '.इन' कुठे हे तर पोऱ्याच्या डोक्यात कायम असतंच, त्यामुळे स्टँडपर्यंत जायची वेळ तशी कमीच येते.

पूर्वी पोऱ्याही नव्हता, पानवालाही नव्हता. सगळ्या जगाची एकच यादी होती, होस्ट्स नावाची एक साधी फाइल. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली. एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ती सांभाळायची. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या नाव घालणार, मग ज्याने त्याने ताजी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी सगळ्यांकडे वेगवेगळ्या दिवसाची होऊ लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती यादीच मोडली. कुणालाच सगळं ठाऊक असायची गरज नाही, पुढे कुणाला विचारायचं एवढं प्रत्येकाला ठाऊक असलं की पुरे, अशी मांडणी केली. नियम १९८७ साली पक्के झाले आणि पाया आजही तोच आहे.

दिवे आल्यावर तिला 'डिग'मध्ये (नावाचा पत्ता विचारायची आज्ञा) 'ट्रेस' लावून हीच पायपीट पडद्यावर दाखवली. नंतर साध्या 'डिग'ने तेच नाव दोनदा विचारलं. पहिल्यांदा १६८ मिलिसेकंद, दुसऱ्यांदा २. ती खूश. मामाला यातलं काही दाखवलं नाही.

१८ मे

साइट नव्या जागी उतरवली. लोकांना कळू न देता तपासायची कशी? माझ्या लॅपटॉपवरच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घातली, २०३.०.११३.२५ आणि पुढे दुकानाचं नाव. जुन्या यादीचं हे शेपूट अजून प्रत्येक यंत्रात आहे आणि यंत्र आधी तिथेच बघतं. त्यामुळे जग जुन्या दारात जातंय, मी एकटा नव्या दारात. तीन फोटो फुटले होते, ते बसवले. काठपदराच्या साड्यांचे भाव मामीने सुधारून दिले.

२० मे

रात्री साडेनऊला 'ए' नोंद बदलली. घड्याळ लावून बसलो. ८.८.८.८ ला विचारलं, नवा. १.१.१.१ ला विचारलं, नवा. दुकानाच्या वायफायवर जुना, जुना, जुना, मग सातव्या मिनिटाला नवा. मामी चहा घेऊन आली तेव्हा सगळं झालेलं.

२१ मे

काही झालेलं नव्हतं.

मामा सकाळपासून भडकलेला. "दुकानात नवं दिसतंय, रस्त्यावर आलो की जुनं दिसतंय!" मला वाटलं मोबाइलच्या ब्राउझरची आठवण असेल. पुसून बघितलं, तरी तेच. वायफाय बंद केलं की जुनी साइट, चालू केलं की नवी. दीड तास गेला.

मग १५ तारखेला मी ज्या ओळींकडे बघितलं नव्हतं त्या बघितल्या. एक होती 'एएएए', म्हणजे चार ए. आकडी पत्ते दोन जातीचे. जुन्या जातीचा ३२ बिटांचा, असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी होतात आणि ते कधीच अपुरे पडले. नवी जात १२८ बिटांची, जुन्याच्या चौपट लांब, म्हणून चार ए. मोबाइलची जाळी आता मुख्यतः नव्या जातीवर चालतात. दुकानाच्या वायफायला फक्त जुनी जात कळते. मी जुन्या जातीची पाटी बदलली आणि नव्या जातीची जुन्या दारावरच लटकत ठेवली. आपली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं मोबाइलवरून येतात, म्हणजे मी साइट हलवली ती मुख्यतः मामाच्या दुकानापुरती!

चार ए बदलले. पाच मिनिटांत रस्त्यावरही नवं.

२२ मे

मामी रात्री जेवताना सहज म्हणाली, "दोन दिवस झाले, मेलवर एक चौकशी नाही." लग्नसराईत? घास तसाच राहिला.

एमएक्स नोंदीत टपालघर म्हणून दुकानाचं नुसतं नावच लिहिलेलं होतं. जुन्या यंत्रावर साइट आणि मेल एकत्र होते तोवर ते चालून गेलं. मी त्या नावाचा पत्ता बदलला तेव्हा टपालही नव्या दारात येऊ लागलं. तिथे पत्रपेटीच नाही. दार ठोठावून परत. एमएक्समध्ये आकडी पत्ता लिहिता येत नाही, नावच लागतं, आणि ते टोपणनाव असून चालत नाही. म्हणून 'मेल' असं वेगळं नाव काढलं, त्याला जुन्या यंत्राचा पत्ता दिला आणि एमएक्स तिकडे वळवलं.

सुदैव एवढंच की टपाल टाकणारी यंत्रं चिवट असतात. दार बंद दिसलं की पत्र लगेच परत पाठवत नाहीत, पुन्हा पुन्हा येऊन बघतात. चार-पाच दिवस तरी धीर धरावा असं त्यांच्या नियमात आहे. रात्री अकरापासून पत्रं पडायला लागली, सकाळपर्यंत चौदा. त्यात एक निपाणीचं, नऊवारीची चौकशी, लग्न २८ ला. मामीने तिथल्या तिथे फोन लावला.

२५ मे

दुकानाचं नाव २०११ चं, म्हणून त्यात गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं त्या दिवशी बदलली. मामाला आता नव्या स्पेलिंगचंही नाव पाहिजे, कारण बैलहोंगल-सौंदत्तीकडची गिऱ्हाइकं तेच टाइप करून शोधतात. गावाच्या नावाचा वाद इथे काढत नाही, तो आमच्याकडे जेवणाच्या पानावरही निघतो. पाकिटावर कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी. पिन मात्र ५९० नेच सुरू होतो आणि पोस्टमन तेवढं बघून सायकल काढतो. इथेही तेच करायचं, नावं दोन, पत्ता एक.

मामाची घाई नडली. मी नाव नोंदवायच्या आधीपासून तो मोबाइलवर ते टाइप करून बघत होता. पोऱ्या फिरून आला आणि म्हणाला, असं नावच नाही. 'नाही' हेही उत्तरच आणि तेही ठरावीक वेळ लक्षात ठेवलं जातं. १९९८ सालचा तसा नियमच आहे. माझ्या मोबाइलवर नवं नाव उघडत होतं, मामाच्या दुकानात तासभर "सापडत नाही." म्हणून आधी नोंदवायचं आणि मग बघायचं.

दुसरी अडचण. मला वाटलं, नवं नाव जुन्याचं टोपणनाव करून टाकू. जमत नाही. टोपणनाव असलेल्या नावावर दुसरी कसलीच नोंद ठेवता येत नाही, आणि नुसत्या नावावर तर नेमसर्व्हरच्या नोंदी असाव्याच लागतात. म्हणून नुसत्या नावाला ए आणि चार ए (आता विसरत नाही), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम.

एवढं करून नवं नाव टाकलं तर लाल इशारा, ही साइट सुरक्षित नाही. नावाचा पत्ता बरोबर होता, दारापर्यंत माणूस पोचत होता, पण दारावरच्या ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रात फक्त जुनं नाव. वेब सर्व्हरलाही सांगावं लागतं की या नावाने कुणी आलं तर मामाचंच दुकान दाखव, नाहीतर तो आपली कोरी पाटी दाखवतो. दोन्ही केलं. हे काम नेमसर्व्हरचं नाही, हे तासभर विसरलो होतो.

२८ मे

आता मामीचं म्हणणं, मराठीत नाव का नको? '.भारत' हे देवनागरी टोक २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, त्यामुळे प्रश्न वावगा नाही. मामा म्हणाला, "कशाला पाहिजे ते? तीन नावांचं भाडं कोण भरणार?" मामी म्हणाली, "माझ्या भिशीतून भरते." विषय संपला.

नेमसर्व्हरांची जुनी यंत्रणा इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच बेतलेली. म्हणून देवनागरी नाव वाटेला लागण्याआधी ब्राउझर त्याचं रूपांतर करतो. प्रत्येक रूपांतराच्या पुढे 'एक्सएन' आणि दोन रेघा. '.भारत' प्रत्यक्षात प्रवास करतं ते 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं. ही पद्धत २००३ सालची, नाव प्यूनिकोड. मामीला दाखवलं तर म्हणाली, "हे तर विजेच्या मीटरचं नंबर झालं."

मामीने सुचवलेल्या नावात 'चांदताऱ्यांची' होतं, तिच्या आवडत्या बुट्टीवरून. खरी मेख इथे. हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी नावं. त्यात २००३ च्या नियमात ते न दिसणारं चिन्ह गाळलंच जायचं, म्हणजे आचार्यातला र्य उरायचा. २०१० च्या नियमात ते काही अटींवर चालतं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा कीबोर्ड काय पाठवेल हे आपल्या हातात नाही. पोऱ्याच पोऱ्या लिहिताना अडखळणार.

मामीला म्हटलं, दुसरं नाव बघ, ऱ्य नको. ळ चालेल, ळ ला काही अडचण नाही. ती जरा हिरमुसली, मग स्वतःच्या माहेरच्या गावावरून एक चार अक्षरी नाव सांगितलं. तेच नोंदवलं. मामेबहिणीने विचारलं, कन्नड लिपीत '.भारत' लिहिलं तर हेच उघडेल का? नाही. ते टोक वेगळं, रूटमध्ये त्याची नोंद वेगळी. तेही हवं असेल तर चौथं भाडं. मामा ऐकत होता, काही बोलला नाही.

२९ मे

पत्रपेटी नव्या ठिकाणी हलवली, एमएक्स वळवलं. या वेळी आधी दोन पत्रं स्वतःला टाकून बघितली. शिवाय नव्या होस्टिंगवाल्याने आज आपली साइट दुसऱ्या यंत्रावर ठेवली, नवा आकडा कळवला. ए आणि चार ए दोन्ही, तिन्ही नावांना, दहा मिनिटांत बदलले. हात बसला म्हणायचा.

३१ मे

जुना होस्टिंगवाला आज सुटला. साइट सगळीकडे चालू आहे. माझ्याकडेच नाही.

काल रात्रीपासून माझ्या लॅपटॉपवर साइट उघडत नाही. ८.८.८.८ ला विचारलं, बरोबर उत्तर. 'डिग' बरोबर. मामाच्या मोबाइलवर चालू. ब्राउझर पुसला, राउटर बंद-चालू केला, नव्या होस्टिंगवाल्याला रागाचं एक पत्रही लिहिलं (पाठवलं नाही, बरं झालं). दोन तास. शेवटी मामेबहीण मागून म्हणाली, "दादा, ती तू घातलेली ओळ?"

होस्ट्स फाइल. १८ तारखेची ओळ तशीच. २० पासून २९ पर्यंत ती ओळ आणि खरा पत्ता योगायोगाने एकच होते, म्हणून कळलं नाही. 'डिग' त्या फाइलकडे बघतच नाही, थेट पोऱ्याकडे जातो, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसत होतं. जगातली यादी १९८३ ला मोडली, माझी काल रात्रीपर्यंत चालू होती.

ओळ तिने काढली. चहा मी केला.

१ जून

टीटीएल पुन्हा ३६०० वर, तासभर पुरे. तिन्ही नावांचा रजिस्ट्रारकडचा मेल आता मामेबहिणीचा, पुण्याच्या मुलाला आभार कळवले. नूतनीकरणाच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. तिन्ही मामीच्या वहीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तांबड्या शाईने.